अंगणातील सुलकाटा कासवाचे घर थंडीत आणि पावसाळ्यात उबदार कसे ठेवावे?

परसबाग कळंबा:

आमच्याकडे आफ्रिकन सुलकाटा जातीचे एक कासव आहे. ते पुण्यात माझ्या दिरांकडे वाढले आणि त्यांची परदेशी बदली झाल्यामुळे या वर्षी आमच्याकडे आले. त्याची नोंदणी आणि हस्तांतरण केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर रीतसर झालेले आहे. त्याच्या कवचाची लांबी सुमारे चाळीस सेंटीमीटर असून वजन बारा किलोच्या घरात आहे. घरातल्या गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय घसरतात आणि वाटेत येईल ती खुर्ची ते ढकलत नेते, म्हणून त्याला परसातच ठेवणे भाग आहे.

परसात पूर्वी सायकली आणि सरपण ठेवण्यासाठी बांधलेली पत्र्याची शेड आहे. ती आठ फूट लांब, सहा फूट रुंद आणि सात फूट उंच आहे. खाली कोबा आहे, त्यावर मी वाळक्या गवताचा थर टाकते. आमचा भाग कळंबा तलावाच्या बाजूचा आणि मोकळा असल्यामुळे डिसेंबरात दिवसा ऊन चांगले असले तरी पहाटे पारा बारा-तेरा अंशांपर्यंत उतरतो. उपाय म्हणून शेडच्या छताला दोनशे वॅटचा जुन्या पद्धतीचा दिवा टांगला आहे. परंतु आत आणि बाहेर ठेवलेल्या तापमापकांत पहाटे जेमतेम एखाद्या अंशाचा फरक दिसतो. कासव सकाळी अकरा वाजल्याशिवाय हलत नाही, टाकलेले गवत अर्धे तसेच राहते आणि संध्याकाळी चारच्या सुमारास ते पुन्हा कोपऱ्यात जाऊन बसते.

शेजारच्या काकूंनी शेडला गोणपाट बांधून आत शेगडी ठेवावी असे सुचवले आहे. घरातील ज्येष्ठांचे म्हणणे असे की, कासव थंडीत झोपतेच, तेव्हा त्याला झोपू द्यावे. मला या दोन्ही गोष्टींविषयी शंका वाटते. रात्री त्याला नेमकी किती ऊब लागते, ती सुरक्षितपणे कशी द्यावी आणि वीज गेल्यास काय करावे, हे जाणकारांनी सांगावे. कोल्हापूरच्या हवामानात ज्यांनी हे केले आहे त्यांचे अनुभव अधिक उपयोगी पडतील.

शिरोली फॅब्रिकेटर:

ताई, आपल्या दिव्यात दोष नाही. दोष आहे तो शेडच्या आकारात आणि पत्र्यात. मी कोल्ड स्टोरेजची आणि कुक्कुटपालनाची शेड उभारण्याचे काम करतो, त्यामुळे हा हिशेब आमच्या रोजच्या व्यवहारातला आहे.

एखाद्या भिंतीच्या आत आणि बाहेर एका अंशाचा फरक असेल तर पत्र्याच्या प्रत्येक चौरस मीटरमधून साधारण सहा वॅट उष्णता बाहेर जाते. बारा मिलिमीटरच्या प्लायमधून हीच गळती पावणेचार वॅटच्या आसपास असते आणि दोन प्लायच्या मध्ये पन्नास मिलिमीटर जाडीचे थर्माकोल भरले तर ती ०.६ वॅटवर येते. आपल्या शेडच्या चार भिंती आणि छप्पर मिळून साडेबावीस चौरस मीटरहून थोडे अधिक क्षेत्रफळ होते. त्याला सहाने गुणले की, एक अंश ऊब टिकवण्यासाठी एकशे पस्तीस वॅट लागतात असे दिसते. म्हणजे दोनशे वॅटचा दिवा तिथे दीड अंशापेक्षा अधिक काही करू शकत नाही, आणि दाराच्या फटीतून येणारा वारा त्यातलाही वाटा नेतो. आपल्याला दिसलेला एका अंशाचा फरक या हिशेबाशी तंतोतंत जुळतो. ही शेड तेरा अंशांनी तापवायची म्हटली तर पावणेदोन किलोवॅटचा हीटर रात्रभर चालवावा लागेल. त्यात विजेचा अपव्यय आहे आणि आगीची धास्तीही आहे.

म्हणून शेड तापवण्याचा विचार सोडून शेडच्या आत कासवाला झोपण्यापुरती एक बंदिस्त पेटी करावी. शेडने ऊन, पाऊस आणि वारा अडवायचा, आणि ऊब पेटीने सांभाळायची. पाच फूट लांब, चार फूट रुंद आणि अडीच फूट उंच अशी पेटी आज त्याला ऐसपैस होईल. ही जात झपाट्याने वाढते आणि पूर्ण वाढीला वजन पन्नास किलोच्याही पुढे जाऊ शकते, त्यामुळे यापेक्षा लहान करण्यात अर्थ नाही. तरीही गरजेपेक्षा मोठीही करू नये, कारण प्रत्येक जादा फूट रात्रभर तापवावा लागतो. आतून-बाहेरून प्लाय आणि मध्ये पन्नास मिलिमीटर थर्माकोल असेल तर बाहेर बारा अंश असताना आत सव्वीस अंश राखायला पासष्टेक वॅट लागतील. दारातून होणारी गळती धरून त्याची दुप्पट समजा. हीच पेटी नुसत्या प्लायची केली तर सव्वाचारशे वॅटच्या आसपास जातील. थर्माकोलवर केलेल्या खर्चाचा फायदा पहिल्या हिवाळ्यातच विजेच्या बिलात दिसून येईल.

बांधणीबाबत काही गोष्टी आवर्जून सांगतो. थर्माकोल कुठेही उघडे राहता कामा नये, कारण कासव ते कुरतडते आणि गिळते. आतली प्लाय खालपासून निदान दीड फुटापर्यंत एकसंध असावी आणि कोपऱ्यांना ॲल्युमिनियमची अँगलपट्टी मारावी. तळही भिंतींसारखाच दुहेरी करावा. पुष्कळ लोक भिंती आणि छप्पर नीट करतात आणि पेटी थेट कोब्यावर ठेवतात, मग कोबा रात्रभर खालून ऊब ओढत राहतो. पेटी जमिनीपासून सहा इंच उंचावर, विटांच्या किंवा जांभ्याच्या चिऱ्यांच्या रांगांवर बसवावी, म्हणजे पावसाळ्यात ओल वर चढत नाही. आत येण्यासाठी लाकडी उतरण द्यावी आणि तिच्यावर आडव्या पट्ट्या ठोकाव्यात. छप्पर बिजागरीवर उघडणारे ठेवले तर साफसफाई सोपी होते, नाहीतर बारा किलोचे कासव वाकून बाहेर काढताना कंबर धरते.

उष्णतेसाठी पेटीच्या मागच्या टोकाला एक फूट रुंदीचा वेगळा खण काढावा आणि त्यापुढे मजबूत वेल्डमेश (जाड तारांची जाळी) लावावी. त्या खणात शंभर-शंभर वॅटचे दोन सिरॅमिक हीट एमिटर बसवावेत. हे बल्बसारखे होल्डरमध्ये फिरवून बसतात, पण प्रकाश देत नाहीत, फक्त उष्णता देतात, त्यामुळे कासवाची झोपमोड होत नाही. छताच्या मध्यभागी टांगण्याचा मोह मात्र टाळावा. अडीच फुटांच्या पेटीत बिछान्याची आणि कवचाची उंची वजा केली तर एमिटर आणि पाठ यांच्यात फारच थोडे अंतर उरते, आणि मोठ्या कासवाच्या कवचाचा वरचा भाग एकाच जागी तासन्‌तास तापून भाजतो.

वाचनमात्र:

ताईंनी नोंदणीचा उल्लेख केला हे बरे झाले. हा धागा वाचून कोणी बाजारात कासव शोधायला निघणार असेल तर त्याच्यासाठी दोन वाक्ये. अंगावर पिवळ्या चांदण्या असलेले आपल्याकडील चांदणी कासव, म्हणजेच स्टार टॉरटॉइज, आणि ओढ्या-तळ्यांतून मिळणारी आपली देशी कासवे घरी पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे; मग ते कोणी हौसेने आणून दिले असो वा शेतात सापडलेले असो. असे कासव कोणाकडे असेल तर त्याने त्याच्यासाठी पेटी करण्याऐवजी वन विभागाला कळवावे. सुलकाटासारख्या परदेशी जातींसाठी २०२४ च्या नियमांनुसार ऑनलाइन नोंदणी आवश्यक आहे.

काळी माती:

शिरोलीकरांचा हिशेब पटला. पण सुलकाटा हे मुळात बिळात राहणारे कासव आहे. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील कोरड्या पट्ट्यात ते स्वतःच खोल बीळ खोदते आणि उन्हापासून तसेच रात्रीच्या गारठ्यापासून त्यातच बचाव करते. जमिनीखाली काही फुटांवर तापमान वर्षभर फारसे बदलत नाही आणि आपल्या भागात ते पंचविसाच्या आसपास राहते. तेव्हा विजेवर खर्च करण्यापेक्षा परसातच त्याला खोदू दिले तर निसर्गच ऊब देणार नाही का?

शिरोली फॅब्रिकेटर:

साहेब, तत्त्व बरोबर आहे, आणि माण-जतकडच्या कोरड्या माळावर मी कदाचित हाच सल्ला दिला असता. कोल्हापुरात मात्र अडचण जूनपासून सुरू होते. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, त्यामुळे तिच्यात बिळाचे छत टिकत नाही. शिवाय कळंब्यासारख्या भागात जुलै-ऑगस्टमध्ये दोन-अडीच फुटांवर पाणी लागते. कासव आत असताना बीळ ढासळले किंवा पाण्याने भरले तर त्याला बाहेर काढायला वेळही मिळत नाही. हिवाळ्यात त्याने दिवसा हौसेने खोदले तर हरकत नाही. पण रात्री पेटीत आणि पावसाळ्याआधी तो खड्डा मुरूम टाकून बुजवलेला, असे ठेवावे.

निवृत्त पशुवैद्य:

वरील चर्चेत बांधणीचा भाग उत्तम आला आहे. मी प्राण्याच्या बाजूने थोडे सविस्तर लिहितो, कारण ऊब किती आणि कशासाठी हे कळले की बाकीचे निर्णय सोपे होतात.

सर्वप्रथम झोपेविषयी. भूमध्य सागराच्या परिसरातील आणि मध्य आशियातील काही जमिनीवरील कासवे खरोखर शीतनिद्रा घेतात. सुलकाटा घेत नाही. त्याच्या मूळ प्रदेशात शीतनिद्रेची गरजच पडत नाही, त्यामुळे त्याच्या शरीरात ती सोयच नाही. आपल्याला जे झोपलेले दिसते ते केवळ गारठून मंदावलेले असते, आणि ही अवस्था घातक आहे. गवत पचवण्याचे काम त्याच्या मोठ्या आतड्यातील जिवाणू करतात. शरीर थंड पडले की हे जिवाणू मंदावतात, पोटात गेलेला चारा तसाच पडून राहतो आणि आंबतो. रोगप्रतिकारशक्तीही तापमानावरच अवलंबून असल्यामुळे फुप्फुसांचा संसर्ग याच काळात गाठतो. घरातील ज्येष्ठांना हे अवश्य सांगावे. आपले निरीक्षण खरे आहे, निष्कर्ष मात्र या जातीला लागू नाही, असे म्हटले तर त्यांना वाईट वाटणार नाही.

आकडे असे धरावेत. रात्री पेटीत कासवाच्या पाठीच्या उंचीवर चोवीस ते सव्वीस अंश असावेत. निरोगी मोठे कासव कोरड्या जागी एखाद्या रात्री सोळा अंशही सोसून नेते, मात्र दुसऱ्या दिवशी त्याला कडक ऊन मिळाले पाहिजे. लहान पिलांच्या बाबतीत ही सवलत अजिबात नाही. दिवसा त्याला पस्तीस अंशांच्या आसपासची एक जागा हवी, जिथे बसून ते शरीर तापवू शकेल, आणि तिथून बाजूला होण्यासाठी सावलीची जागाही हवी. ताईंचे कासव अकरा वाजता हलते याचे कारण इतकेच की, रात्रभर गारठलेले बारा किलोचे शरीर उन्हात तापायला तेवढा वेळ लागतो. रात्री पंचवीस अंशांत काढली तर ते आठ-साडेआठलाच बाहेर येऊन चरू लागेल, आणि चरण्याचे तास वाढले की टाकलेले गवतही संपेल.

माझ्या मते कोल्हापुरात डिसेंबरपेक्षा जुलै अधिक जपण्याचा आहे. हिवाळ्यात रात्र थंड असली तरी दुपार तीस अंशांची आणि स्वच्छ उन्हाची असते. पावसाळ्यात रात्र एकवीस अंशांची म्हणजे वरवर सुसह्य असते, परंतु दिवसभर पारा पंचवीस-सव्वीसच्या पुढे सरकत नाही, सूर्य आठवडा-आठवडा दिसत नाही आणि सगळीकडे ओल असते. अशा वेळी कासवाचे शरीर तापण्याची संधीच येत नाही. थंडी एकटी असेल तर कासव बरेच सोसते. थंडी आणि ओल एकत्र आली की नाकातून बुडबुडे येऊ लागतात. त्यामुळे जूनपासून सप्टेंबरपर्यंत पेटीतली ऊब दिवसाही चालू ठेवावी. शेडच्या कोरड्या भागात दिवसा आठ-दहा तास तापण्यासाठी एक प्रखर दिवा आणि त्याच्या जोडीला सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी मिळणारी यूव्हीबी (अतिनील किरण देणारी) नळी लावावी. ही नळी आणि कासव यांच्यामध्ये काच किंवा ॲक्रिलिक ठेवू नये, कारण हाडे आणि कवच घडवणाऱ्या ड जीवनसत्त्वासाठी लागणारे किरण त्यातून पार होत नाहीत.

शेगडीचा विचार पूर्णपणे सोडून द्यावा. बंद जागेत जळणाऱ्या कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड माणसाला मारतो तसा कासवालाही मारतो, आणि वाळक्या गवताशेजारी निखारे ठेवणे हे आगीला आमंत्रणच आहे. याच कारणाने पेटीत डास घालवण्यासाठी कॉइल लावणे किंवा धूप घालणेही टाळावे. बारीक जाळी हा त्यावरचा योग्य उपाय आहे. आणखी एक प्रघात आपल्याकडे दिसतो, तो म्हणजे थंडीत कवचाला खोबरेल तेल चोळणे. त्याने ऊब मिळत नाही. उलट धूळ चिकटते आणि शिवणींमध्ये घाण साचून राहते.

नाकातून स्राव, श्वास घेताना मान लांबवून तोंड उघडणे, शिट्टीसारखा आवाज, किंवा ऊब मिळूनही चार-पाच दिवस न खाणे, यांपैकी काहीही दिसल्यास सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखवावे. तोपर्यंत पेटी अठ्ठावीस-तीस अंशांवर ठेवावी, रात्रीही खाली आणू नये. औषधाच्या दुकानातून माणसांचे प्रतिजैविक आणून अंदाजाने देऊ नये, आणि गारठलेल्या कासवाला बळेच भरवू नये, कारण न पचणारा घास पोटात आणखी भर घालतो. आधी ऊब, मग कोमट पाण्यात वीसेक मिनिटे बसवणे (पाणी हनुवटीच्या खाली राहील एवढेच), नीट पुसून कोरडे करणे, आणि मग चारा, हा क्रम ठेवावा.

परसबाग कळंबा:

डॉक्टरसाहेब आणि शिरोलीचे दादा, आपण दोघांनीही इतके सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. शेगडी आणि गोणपाट दोन्ही रद्द केले आहेत, आणि शीतनिद्रेविषयीचा परिच्छेद सासऱ्यांना वाचून दाखवला. त्यांनी तो दोनदा ऐकून घेतला आणि सुताराला स्वतःच फोन लावला.

आता वायरिंगचा प्रश्न उरतो. शेडपर्यंत सध्या घरातून एक साधी एक्स्टेन्शन वायर ओढलेली आहे. सिरॅमिक एमिटर प्रकाश देत नाही, तर तो चालू आहे की बंद हे रात्री कसे कळावे? आणि आमच्याकडे पावसाळ्यात वीज अनेकदा तास-दोन तास जाते. तेवढ्या वेळात पेटी गार पडेल का?

फेज आणि न्यूट्रल:

ताई, एक्स्टेन्शन वायर आजच काढून टाकावी. परसातून उघड्यावर जाणारी वायर आधी उन्हाने कडक होते, मग तिला भेगा पडतात आणि पहिल्या पावसात त्यांत पाणी शिरते. घरातील बोर्डापासून शेडपर्यंत स्वतंत्र लाइन पाइपमधून न्यावी, तिला अर्थिंग असावे, आणि त्या लाइनवर तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज जमिनीत गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवावा. ओल्या जमिनीवर उभा असलेला प्राणी आणि ओल्या हातांची माणसे जिथे असतात तिथे यात काटकसर करू नये. पेटीच्या आतली वायर जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपमधूनच न्यावी, कारण बारा किलोचे कासव एकदा कोपऱ्यात घुसायचे ठरवले की प्लास्टिकची केसिंग पट्टी उखडूनच थांबते. होल्डर चिनी मातीचेच घ्यावेत. एमिटरचा पृष्ठभाग दोनशे अंशांच्या वर तापतो आणि त्यापुढे बेकेलाइटचा होल्डर काही दिवसांत तडकतो, प्लास्टिकचा तर वितळतोच.

तापमान राखण्यासाठी अंडी उबवण्याच्या यंत्रांना लावतात तसा डिजिटल कंट्रोलर पुरेसा आहे. त्याचा सेन्सर कुठे बसतो यावर सगळे अवलंबून असते. तो हीटरच्या खणात ठेवला तर हीटर लगेच बंद होईल आणि कासव गारठेल; दाराजवळ ठेवला तर हीटर बंदच होणार नाही. पेटीच्या मधोमध, बाजूच्या भिंतीवर, बिछान्यापासून नऊ-दहा इंच उंचीवर, छिद्रे पाडलेल्या लोखंडी नळीच्या तुकड्यात तो बसवावा, म्हणजे कासवाच्या धक्क्याने चेपत नाही. कंट्रोलर पंचवीसवर लावून एका अंशाचा फरक ठेवावा. या स्वस्त कंट्रोलरमधील रिले (हीटर चालू-बंद करणारा खटका) कधीकधी चालू स्थितीतच चिकटून बसतो आणि मग हीटर थांबत नाही. म्हणून चौतीस अंशांवर पुरवठा तोडणारा दुसरा, साधा थर्मोस्टॅट त्याच लाइनवर मालिकेत जोडावा. दोन्ही एकाच वेळी बिघडण्याची शक्यता फारच थोडी असते.

हीटर चालू आहे हे कळण्यासाठी कंट्रोलरच्या आउटपुटवर समांतर जोडलेला लाल इंडिकेटर पेटीच्या बाहेर, स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसेल असा लावावा. तो सारखा लागत-विझत राहिला पाहिजे. रात्रभर लागलेलाच असेल तर कुठेतरी ऊब गळते आहे किंवा एमिटर गेला आहे, आणि थंड रात्री रात्रभर विझलेला असेल तर पुरवठा किंवा कंट्रोलर तपासावा. पेटी खरोखर उबदार राहिली की नाही हे बघायला इंडिकेटर पुरत नाही, तिथे कमाल-किमान तापमापकच हवा. तो सकाळी बघून रीसेट करण्याची सवय लावावी.

वीज जाण्याची फार चिंता करू नये. शिरोलीकरांच्या आकड्यांनी हिशेब केला तर पेटीत वीस लिटर पाण्याचा बंद कॅन ठेवल्यास सव्वीस अंशांवरून वीस अंशांवर यायला दोन तासांच्या आसपास लागतात, आणि कासवाचे स्वतःचे वजनही ऊब धरून ठेवते. हीटरच्या खणाशेजारी, जाळीच्या आड, कॅन उभा करावा. याहून अधिक वेळ वीज जात असेल तर घरच्या इन्व्हर्टरवर दोनपैकी एकच एमिटर जोडावा. चांगल्या स्थितीतील दीडशे अँपिअर-अवरच्या बॅटरीवर शंभर वॅटचा भार रात्रीचा बराचसा भाग निभावतो. इन्व्हर्टर नसेल तर कॅनमधले पाणी बदलून गरम पाणी भरावे, मात्र कॅनला हात लावून धरता येईल इतपतच गरम.

विजेच्या खर्चाचे म्हणाल तर सर्वांत थंड रात्रीही ही पेटी पावणेदोन युनिटांच्या आसपास खाईल. आताचा दोनशे वॅटचा दिवा रात्रभर काही न तापवता त्याहून अधिक खातो आहे.

परसबाग कळंबा:

सुतार आणि वायरमन दोघेही येत्या आठवड्यात येणार आहेत. एकच शेवटची शंका आहे. पेटीचे तोंड कोणत्या दिशेला ठेवावे, आणि दाराला काय लावावे? लाकडी झडप लावली तर ती उघडायला पहाटे कोणीतरी उठले पाहिजे.

शिरोली फॅब्रिकेटर:

तोंड आग्नेयेला ठेवावे, जागा नसेल तर सरळ दक्षिणेला. आपल्याकडे पावसाचा मारा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो, तो पाठीवर घ्यायचा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो आणि डिसेंबरात भर दुपारीही क्षितिजापासून पन्नास अंशांच्या आसपासच वर असतो, त्यामुळे शेडचे दार त्याच बाजूला असेल तर सकाळचे ऊन थेट उतरणीपर्यंत पोहोचते. जूनमध्ये तो माथ्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो, म्हणून दारावर दीड फुटाची पडवी काढली तर उन्हाळ्यात आपोआप सावली होते.

दाराला कोल्ड स्टोरेजमध्ये वापरतात त्या जाड पारदर्शक पीव्हीसी पट्ट्या लावाव्यात, एकीवर दुसरी निम्मी चढलेली अशा दोन थरांत. कासव त्या ढकलून स्वतःच ये-जा करते आणि त्या आपोआप मिटतात. पट्ट्या खाली बिछान्याला टेकतील एवढ्या लांब असाव्यात, नाहीतर गार हवा तळातूनच शिरते. सुरुवातीला बहुतेक कासवे त्यांना बिचकतात, त्यामुळे पहिले काही दिवस मधल्या दोन पट्ट्या वर बांधून ठेवाव्यात आणि आत जास्वंदीची पाने टाकावीत. वाट अंगवळणी पडली की एकेक पट्टी खाली सोडावी. रात्री दहाच्या सुमारास एक फेरी मात्र मारावी लागेल, कारण काही कासवे दारातच अर्धे अंग बाहेर ठेवून झोपतात आणि मग पट्ट्या उघड्याच राहतात. तसे दिसले तर पाठीमागून दोन्ही हातांनी हलकेच आत सरकवावे.